हरलेल्या सेटला रिंग नाही

रविवार, दिवेलागण

आज पुन्हा तेच. दुपारपासून मोबाईलवर टेनिसचा स्कोअर बघत एकटाच बसलोतो. आपल्या गड्यानं पहिला सेट मारला आणि बोटानं आपसूक मलकापूरला बापूला मिसकॉल दिला. तेव्हा तिथं रेंज यायची ती नुसत्या रिंगपुरती. म्हणून आम्हा दोघा मित्रांचं पंधरा वर्षांपूर्वी ठरलेलं, जिंकलेल्या सेटला एक रिंग, हरला तर गप बसायचं. बापू जाऊन चार महिने झाले. पण बोटाला कोण सांगणार?

दुसरा सेट जिंकल्यावर मात्र मुद्दाम रिंग दिली. का दिली? कुणाला?

तर तिकडनं फोन उचलला. बापूची बायको.

"भावजी, दोन झाले न्हवं? आता एकच पायजे की!"

वहिनींना टेनिसमधलं ओ की ठो कळत न्हाई. रिंगा तेवढ्या मोजायला येतात; तीन झाल्या की आपला गडी जिंकला. "व्हय, एकच," म्हणालो आणि ठेवला.

मग तिसरा गेला. चौथा गेला. पाचवाही.

वहिनी अजून फोन मांडीवर घेऊन बसल्या असतील. हरल्यावर रिंग द्यायची न्हाई, हे ठरवताना वाट बघणाऱ्याचा विचारच केला न्हाई आम्ही.