हाकलणाऱ्यालाच जागा विचारायची

आई, तू मासळीची पाटी घेऊन जत्रा धुंडाळायचीस आणि मी आता प्लास्टिकचे डबे घेऊन हळदीकुंकू धुंडाळते. हे ऐकून तू आधी पोट धरून हसशील आणि मग विचारशील, डब्यात काय आहे. डब्यात काहीच नसतं, डबाच विकायचा असतो. हवाबंद, झाकण टक्कन बसणारा, कंपनीचा. हा दुकानात मिळत नाही, आमच्यासारख्या बायका घरोघरी नाहीतर कार्यक्रमांतून दाखवून विकतात. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, आता ती नोकरीला जाते. दिवाळीनंतर गोखिवऱ्याचा आमचा कारखाना बंद पडला, जिथे मी इतकी वर्षं स्विचची खोकी भरत होते, तेव्हा मी हे काम धरलं. तुझा जावई म्हणाला, होळीपर्यंत बघ, जम बसला तर ठीक, नाहीतर कामणच्या गोदामात पॅकिंगला माणसं घेतायत. ते गोदाम मी बघून आले. दिवसभर उभं राहायचं, बोलायची सोय नाही, फोनसुद्धा बाहेर ठेवायचा. मला तिथे जायचं नव्हतं. तुला कारण सांगायला नको, तोंड मिटून काम करणं आपल्या घरात कुणाला जमलेलं नाही.

पण डबे दाखवायचे तर बायका एका जागी जमलेल्या हव्यात, आणि त्या कुठे जमणार हे कळायला हवं. तुला ते बरोबर कळायचं. पंचांग बघणारी तू नव्हतीस, तू मांडववाल्याला विचारायचीस. अर्नाळ्याला आपल्या गल्लीच्या तोंडाशी त्याचे बांबू पडलेले असायचे. बांबू हलताना दिसले की तू दारातूनच हाक मारायचीस, कुठे चालले रे, आणि संध्याकाळी दोन मुठी जवळा त्याच्या बायकोकडे पोचायचा. माझ्याकडे फोन आहे. त्यात वसईच्या बायकांचे, विरारच्या बायकांचे, घरगुती फराळवाल्यांचे नाना ग्रुप आहेत. रोज कुणीतरी स्टॉलचं पोस्टर टाकतं, आणि आपण विचारावं तर जागा भरलेली असते. मग मी स्कूटरवरून नाक्यानाक्याचे बॅनर वाचत फिरायला लागले. निम्म्या बॅनरवर कुणाचा तरी वाढदिवस. एकदा एका शाळेच्या आनंदमेळ्याला डब्यांची पिशवी घेऊन पोचले, तर स्टॉल पोरांचेच होते. भेळ खाऊन परत आले. शेवटी गेले मांडववाल्याकडेच. आताच्या मांडववाल्याला ऑफिस आहे, एसी आहे, पण कुठे कुठे मांडव घालतोयस असं विचारल्यावर तो असा खुलला, की त्याने बसल्या जागी महिनाभराचे कार्यक्रम सांगितले. सत्यनारायण, चर्चचा सण, सोसायट्यांची हळदीकुंकवं. मी रस्ताभर तुझं नाव घेत घरी आले.

त्यातलं पहिलं हळदीकुंकू गोखिवऱ्याच्या एका मोठ्या सोसायटीत होतं. कंपनीत मला वरची एक ताई शिकवते. ती सांगते की डब्यात पाणी भरा, उलटा धरा, थेंब पडत नाही हे दाखवा. मी दाखवलं. बायका पाण्याकडे बघत होत्या आणि तिळगूळ खात होत्या. पाणी सांडलं नाही यात कुणाला काय विशेष वाटणार? पण मी पिशवीत सुके बोंबील घेऊन गेले होते. वास अडवतो तो खरा डबा, हे मला त्या ताईने शिकवलेलं नव्हतं. बोंबील डब्यात घातले, झाकण लावलं आणि डबा एकेकीच्या नाकाशी धरला. वास येतो का? नाही येत. दोघीतिघी पुढे सरकल्या. मग फरक कळावा म्हणून मी झाकण उघडलं. आई, ही अक्कल कोळ्याच्या पोरीलाच सुचते. अर्धी बिल्डिंग शाकाहारी, चौरंगावर देवीचा फोटो, समोर वाणाची ताटं आणि मधोमध माझे बोंबील. एकीने पदर नाकाला लावला, दुसरी उठली, आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरीबाई आल्या. अहो हे काय आणलंत, आवरा आधी आणि निघा, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला वाटलं, संपलं, आता कामण.

आणि डबा पिशवीत टाकता टाकता मला तू दिसतेस. मी लहान आहे, देवीच्या जत्रेत तू कमानीपाशी पाटी उतरवतेस आणि देवळाच्या मंडळाचा एक माणूस काठी आपटत येतो. देवाच्या वाटेवर मासळी चालणार नाही, म्हणतो. त्याचं काही चुकलेलं नाही. भांडायला तू कमी नाहीस, बंदरावर लिलावात तुझा आवाज होडीतल्या माणसाला ऐकू जातो. पण तू पाटी परत डोक्यावर घेतेस आणि शांतपणे विचारतेस, "मंग कुठं बसू, ते तुमीच दाखवा." तो गांगरतो. तो हाकलायच्या तयारीने आलेला असतो, जागा दाखवायच्या नाही. बघता बघता तो आपल्याला विहिरीपलीकडे चिंचेखाली नेतो, आणि स्वतःच दिलेली जागा म्हणून दुपारी बायकोला घेऊन खरेदीला येतो. मी मात्र अपमान झाला म्हणून फुगून बसले होते. तेव्हा तू मला झापलंस, "तोंड सरळ कर. गिऱ्हाइकाला वाटंल बोंबील रडतान." परतताना तू म्हणालीस, "हाकलनाऱ्यालाच जागा इचारायची, पोरी. त्याला सगला गाव ठाव असतो."

मी तोंड सरळ केलं. सेक्रेटरीबाईंना म्हटलं, चुकलं माझं, पण मग मी कुठे बसू, ते तुम्हीच सांगा. त्या रागातच म्हणाल्या, "बोंबील घेऊन? कळंबला जा." आणि स्वतःच थांबल्या. त्यांची बहीण कळंबला कॉटेज चालवते. तिथे किनाऱ्यावर पुढच्या महिन्यात गावातल्या बायका खाण्याचा मेळावा भरवणार होत्या. बाईंनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला, आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मला वाण म्हणून दिलेली वाटीसुद्धा त्यांनी माझ्याकडून परत घेतली नाही.

कळंबला मला दोन मासळीवाल्यांच्या मध्ये जागा मिळाली. शहरातून आलेली माणसं बोंबील, सोडे, जवळा हातात घेत होती, हुंगत होती आणि परत ठेवत होती, कारण गाडीला वास लागेल. तू असतीस तर पुढचं तुला माझ्या आधी कळलं असतं. मी एका जोडप्याचे बोंबील डब्यात घातले, झाकण दाबलं आणि म्हटलं, हा डबा मांडीवर घेऊन बसा, ड्रायव्हरला कळलं तर परत आणा. त्यानंतर शेजारणी स्वतःच गिऱ्हाईक माझ्याकडे ढकलायला लागल्या. त्यातली एक म्हातारी, पार तुझ्याच वळणाची, डबा उलटा करून, आपटून, शेवटी त्यावर बसून बघत होती. उठली तेव्हा म्हणाली की आता दर सणाला बाजूला बसत जा, तुझ्यामुळे माझं खपतं. त्या बायका कुठे कुठे जातात ते सगळं मला आता ठाऊक आहे, आणि मी त्यांच्याबरोबर जाते. होळीच्या आधी कामणहून फोन आला, कधीपासून येताय म्हणून. मी येत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या जावयाने स्कूटरला मागे कॅरिअर बसवून आणलं. आई, तुझ्यासारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. हे तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, आपल्यात तसं कुणी म्हणत नाही.

या कागदाला पाकीट नाही आणि पत्ताही नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. बोंबलाची युक्ती कुणी शिकवली असं कुणी विचारलं की मी सांगते, आईने. कुठे असते आई, म्हणतात. घरी असते, मी म्हणते, आता तिला उन्हातलं फिरणं झेपत नाही. कळंबच्या त्या म्हातारीने परवा माझा हातच धरला, "पुढल्या येलेस आन तिला, माझ्या बाजूला बसव." मी बरं म्हटलं. तिने विचारलं, केवढी जागा ठेवू. आईला पाय पसरून बसायला लागतं, मी सांगितलं, थोडी जास्तच ठेवा.