सव्वा किलोमीटरची वाट

मुदखेड, २१ नोव्हेंबर १९९९

चि. सुदर्शन यास सिंधुआक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन क्लासच्या. लातूरच्या सर लोकांना बहिणीसाठी एवढीच शाई मंजूर असते, हे समजलं.

आता कामाचं. किनवटच्या अलीकडे वनखात्यानं जंगलात एक वनउद्यान केलंय. तुझे दाजी रेल्वेच्या कामानं तिकडं गेले होते, ते बघून आले. सागाच्या झाडांतून सव्वा किलोमीटरची वाट आहे. सगळी सपाट, मुरूम टाकलेली, बसायला तीन बाकडी आणि शेवटी तळं. दाजींनी ती पावलं मोजत चालून पाहिली, साडेसोळाशे भरली. माझी जास्त भरतील, कारण डावा पाय अजून अर्धंच पाऊल टाकतो. पण डॉक्टरांनी नवा उंच टाचेचा बूट दिल्यापासून मी एकटी बाजारात जाऊन येते.

तेव्हा रविवार, ९ जानेवारी ठरवलाय. सकाळच्या आदिलाबाद गाडीनं जायचं, संध्याकाळी परत. तू आणि पुनम आदल्या दिवशी मुक्कामाला या. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही माझ्याकडं. पुनमला म्हणावं, नवऱ्याला तेवढं धरून आण, बाकी काही आणू नकोस. भूकंपानंतर सहा वर्षांत मी हौसेनं काही मागितलं नाही, हे तेवढं मागते.

लोभ आहेच, तो येऊन दाखवावा.

तुझी आक्का


लातूर, २९ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. आक्कास सुदर्शनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. तू बाजारात एकटी जातेस हे पुनमला वाचून दाखवलं.

जानेवारीचं मात्र अवघड दिसतं. बारावीच्या परीक्षा तोंडावर आहेत. फिजिक्सच्या दोन बॅचेस होत्या, त्यांच्या तीन झाल्या. उदगीर, बीड, पार बिदरहून आलेली पोरं पत्र्याच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसून राहिलीत. रविवारी सराव परीक्षा असते, आणि सरच नसले की पालक नाराज होतात. शिवाय जंगलातली वाट सपाट म्हटली तरी मुळं असतात, दगड असतात. तुला काही झालं तर कसं करायचं? त्यापेक्षा उन्हाळ्यात तूच इकडं ये, इथल्या बागेत फिरू.

दाजींना नमस्कार सांग. रागावू नये, ही विनंती.

तुझा सुदर्शन


मुदखेड, ७ डिसेंबर १९९९

चि. सुदर्शन यास अनेक आशीर्वाद वि. वि.

नाचता येईना अंगण वाकडं. रविवारची परीक्षा घ्यायला तुझ्या हाताखाली दोन मास्तर आहेत, हे पुनमनं फोनवर मला कधीच सांगितलंय. तू इकडं येतोस तोही दोन तासांसाठी, दाजी ड्यूटीवर असतील ती वेळ बघून. मला ते कळत नाही असं समजू नकोस.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. परवा दाजी शेजाऱ्यांना हसत सांगत होते, की हिनं जंगलाचं मनात घेतलंय म्हणजे ही जाणारच. हिच्या हट्टापायीच पाय गेला आणि हिच्या आईही गेल्या. शेजारी हसले. मीही हसले. नंतर आत येऊन भाकरी थापायला बसले.

दवाखान्यात तू त्यांना काय सांगितलंस, ते मला शुद्धीवर आल्यावर कळलं होतं. तेव्हा तुझा क्लास नुकता उभा राहत होता, म्हणून मी ते तसंच राहू दिलं. पुढंही माझ्या तोंडून काही निघायचं नाही. मात्र फार दुखतं, हे तुला माहीत असावं. तू बोलू नकोस हवं तर, पण एक दिवस माझ्या बाजूनं चाल.

पुनमला आशीर्वाद. लोभ कमी झालेला नाही.

तुझी आक्का


लातूर, १५ डिसेंबर १९९९

ती. दाजींच्या सेवेशी सुदर्शनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. आज पेटीत टाकणार आहे.

त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशीला मी गावी गेलो होतो. वर्षभर जमिनीतून गुरगुर येत होती, म्हणून सारी गल्ली अंगणात झोपायची. आक्का गणपतीसाठी माहेरी आलेली. तिनं आणि आईनं अंगणातच बाजा टाकल्या होत्या. मी चारचौघांत त्यांना हसलो. मी सांगितलं, दख्खनचं पठार सगळ्यात पक्कं, इथं भूकंप होत नाही, पुस्तकात छापलेलं आहे. सायन्सच्या मास्तराच्या घरची माणसं अशी भ्याली तर मला कोण मास्तर म्हणेल? आक्का म्हणाली, “पुस्तक तुझं हाय, पण झोपायचं आम्हाला हाय.” तरी मी दोघींच्या बाजा स्वतः उचलून घरात, माळवदाच्या मातीच्या छताखाली नेल्या. मग शेवटच्या एसटीनं लातूर गाठलं, कारण सकाळी बॅच होती. पहाटे भूकंपानं माळवद खाली बसलं. आमच्या गल्लीत अंगणात झोपलेले सगळे वाचले.

सोलापूरच्या दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, यांना आत झोपायला कोणी सांगितलं. मी म्हणालो, आक्कानंच हट्ट केला, डास चावतात म्हणून. आई सांगायला राहिली नव्हती आणि आक्का बेशुद्ध होती. मला वाटलं, तेवढ्यापुरतं निभावलं.

पोरं म्हणतात, सर कधी चुकत नाहीत. ते ऐकलं की मी फळ्याकडं तोंड करून उभा राहतो. मला लाज वाटते, दाजी. आईच्या श्राद्धाला वाटते, आक्काचं अक्षर पाहिलं की वाटते. आक्का हट्टी नव्हती. तिनं माझं ऐकलं, एवढीच तिची चूक.

९ तारखेला मी यावं की येऊ नये, ते तुम्ही सांगाल तसं.

आपला अपराधी,
सुदर्शन


मुदखेड, २४ डिसेंबर १९९९

श्री. सुदर्शनराव यांस चंद्रप्पाचा नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

पहिले दोन दिवस तुम्हाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. पत्र खिशात ठेवून ड्यूटी केली. तिसऱ्या दिवशी पत्र सिंधुपुढं ठेवलं. तिनं सगळं वाचलं, घडी घातली आणि भाजी ढवळायला लागली. मी विचारलं, हे खरं का? ती हाव म्हणाली. मग मी जरा चढ्या आवाजात विचारलं, की सहा वर्षं मला सांगितलं का नाहीस. तेव्हा तिनं चुलीपासून मान वर केली. म्हणाली, “तुम्ही मला एकदा तरी विचारलं होतं का?”

नव्हतं विचारलं, सुदर्शनराव. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्हाला विचारलं आणि तेच धरून बसलो. तिला शुद्ध आली, ती घरी आली, पण तिला विचारावं असं मला सुचलं नाही. जिना चढताना ती थांबली की म्हणायचो, कर अजून हट्ट. पाहुण्यांसमोर म्हणालो, तिच्या आईच्या श्राद्धाला म्हणालो. खोटं तुम्ही एकदा बोललात, मी ते रोज बोललो. तुमची लाज तुम्ही मला लिहून कळवलीत. माझी मी कुणाला लिहू?

तुम्हाला माफ केलं असं समजू नका, ते तिचं ती बघेल. पण ९ तारखेला या. ती जाणार म्हणते, डबा काय न्यायचा तेही ठरवून बसलीय. सव्वा किलोमीटर तिच्या बाजूनं एकट्यानं चालायची माझी छाती होत नाही.

लोभ असावा असं कोणत्या तोंडानं लिहू. गाडी सकाळी सातला आहे.

आपला,
चंद्रप्पा