धोंडो या नावाची लोकप्रियता

झाशी, खंडेराव गेटच्या आत
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप अनुसूयाअक्कास,

धोंडोचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं अजून वाकतात तेवढ्यांचा स्वीकार कर. तिकडे सागरला तुझी तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र लावतेस की अजून डबीत घालून देवापुढेच ठेवतेस? फोन मुद्दाम केला नाही. तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललेलं ओरछा गेटपर्यंत ऐकू जातं, शिवाय हल्ली या घरात मी काय बोलतो ते ऐकायला सगळे टपलेले असतात आणि ऐकल्यावर करत मात्र कोणीच काही नाही. म्हणून पत्र. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (माझ्याशिवाय.)

तर विषय बारशाचा. नातू काचेच्या पेटीतून निघून घरी आल्याला आज नववा दिवस. सूनबाईची, विजयालक्ष्मीची, सात महिने अंथरुणावर काढून सुटका झाली. (आधीच्या दोन वेळांचं तुला ठाऊकच आहे. त्याबद्दल या घरात बोलत नाहीत.) पोरगं अजून इतकं लहान आहे, की दुपट्यात गुंडाळलं की दुपटंच जास्त दिसतं. डॉक्टरीणबाईंनी गर्दीला मना केलं होतं, म्हणून बारसं चाळिसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी ठरलं आहे. विद्याधरला बहीण नाही, तेव्हा आत्याचा मान आतेआजी म्हणून तुझा. पाठीत बुक्के हळू मारायला सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. आता नाव. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. दादांना त्यांच्या आजोबांचं, वामन, आणि दादांचा नातू म्हणून विद्याधरलाही पत्रिकेत वामनच. त्या हिशेबाने या पोराचं नाव धोंडो. मी आपला भोळेपणाने पेढे वाटताना हलवायालासुद्धा सांगून बसलो. घरी आलो तर चिरंजीव मोबाईल घेऊन बसलेले. त्यात म्हणे सगळ्या नावांची कुंडली मिळते: मूळ, अर्थ, लोकप्रियता. मला वाचून दाखवलं. धोंडो. मूळ: मराठी. अर्थ: दगड. लोकप्रियता: माहिती उपलब्ध नाही. शुभ रंग राखाडी. या नावाच्या व्यक्ती स्वभावाने स्थिर असतात. (सत्तर वर्षं एका जागी पडून आहे, स्थिर नाही तर काय!) आणि मग वर, "बाबा, स्कूल में बच्चे चिढ़ाएँगे ना." बापाशी बोलतानाही त्याला मराठी मध्येच सोडून द्यावीशी वाटते. बसमधून अर्ध्या वाटेत उतरावं तसं.

यावर जानकी हसली. पदर तोंडाला लावून नाही, चांगली खदाखदा हसली. चव्वेचाळीस वर्षांत जिने एकदाही माझं नाव घेतलं नाही, तिने त्या नावाला हसावं! लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा या बाईने धोंडोला यमक जुळत नाही म्हणून नुसतं 'यांचं नाव घेते' म्हणून वेळ मारून नेली होती, हे तू स्वतः पाहिलं आहेस. त्यांनी निवडलेलं नाव आहे कियांश. अर्थ: सर्वगुणसंपन्न. पोराने अजून धड डोळे उघडले नाहीत, पण सर्वगुणसंपन्न. लोकप्रियता: अत्यंत. तेवढं मात्र खरं, कारण ज्या हलवायाला मी पेढ्यांच्या वेळी धोंडो सांगितलं, त्याचाही नातू कियांशच निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी शिकवण्या घेणाऱ्या मास्तरांकडे आणखी एक आहे. आपला तिसरा. संध्याकाळी कोणी हाक मारली तर तीन कियांश धावत येतील आणि तिघेही हिंदीत विचारतील, क्या है.

धोंडोची लोकप्रियता त्या मोबाईलला माहीत नसेल, मला माहीत आहे. ज्या आईची मुलं जगत नसत ती पुढच्याला दगड म्हणे. घेऊन जाणारा येतो, पाळण्यात डोकावतो, दगड दिसतो, पुढच्या घरी जातो. एवढाच या नावाचा इतिहास, यात पुराण नाही, राजा नाही, संस्कृत नाही. एकेकाळी आपल्या लोकांच्या प्रत्येक गल्लीत एक तरी धोंडो असे, दगडू असे. म्हणजे प्रत्येक गल्लीत एक तरी रिकामा पाळणा होऊन गेलेला असे. पुढे देवीच्या लशी आल्या, दवाखाने आले, पोरं जगायला लागली आणि नाव मेलं. चांगलंच झालं. तक्रार नाही. थोडी आहे, पण ती पोरांच्या जगण्याबद्दल नाही, माझ्या वाट्याला आलेल्या हसण्याबद्दल आहे. शाळेत हसले, मोठ गावच्या तहसील कचेरीत हसले, निरोपाच्या समारंभात साहेबांनी नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेतली चहावाली मंडळीसुद्धा हसली. आता घरचे हसतात. वर्तुळ पूर्ण झालं.

या नावावर माझंही प्रेम कधी नव्हतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बाविसाव्या वर्षी, नव्या नोकरीच्या गुर्मीत, मी नाव बदलायला निघालो होतो. स्टँपपेपर आणला, वकिलाकडून प्रतिज्ञापत्र लिहवून घेतलं, आजपासून मला मधुसूदन म्हणावे. घरी आणून आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती रागावेल. ती रागावली नाही, तिने माझ्या पानात भात वाढला आणि नऊ दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मग तू माहेरपणाला आलीस, मला मोरीपाशी ओढून नेलंस आणि सांगितलंस, अरे गाढवा, मधुसूदन होऊन गेला. तुझ्या आधीचा. पहिला रमाकांत, दुसरा मधुसूदन, तिसऱ्याचं बारसंच झालं नाही. सगळ्या जगातल्या नावांतून मला तेवढंच सापडलं होतं, कारण गेलेल्यांची नावं घरात कोणी घेत नसे आणि मला ती सांगणार कोण? प्रतिज्ञापत्र मी चुलीत घातलं. आईने त्या संध्याकाळी मला हाक मारली, धोंडू, पाणी भर. त्या हाकेसारखी हाक मला पुन्हा कोणी मारली नाही, अक्का. ते असो.

पुढची फजिती ऐक. बारशाला आधी पाळण्यात वरवंटा लागतो ना, कुंची घालून, बायका पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात तो? आपला पाटा-वरवंटा सत्तावनच्या धामधुमीतून वाचला होता असं दादा सांगत. गोऱ्यांच्या तावडीतून वाचला, पण विद्याधरने स्वयंपाकघराला नवा ओटा घातला त्यातून वाचला नाही, कारण ओटेवाल्याने तो मलब्याबरोबर नेला. आता मिक्सरला कुंची घालणार का? म्हणून परवा उन्हातान्हात मी सिल-बट्टा विकणारे शोधत हिंडलो. दोन ठिकाणी मला लोखंडी खलबत्ता दाखवला, एकाने संगमरवरी पोळपाट घ्याच म्हणून आग्रह केला. शेवटी ओरछा गेटबाहेर एक म्हातारा सापडला, टाकी घेऊन दगडाला खाचा घालत बसलेला. त्याने नाव विचारलं, मी सांगितलं आणि सवयीने त्याच्या हसण्याची वाट पाहिली. तो हसला नाही. मतलब काय, म्हणाला. म्हटलं, पत्थर. त्याने टाकी खाली ठेवली. "कितेक नईं बचे हते?" मी म्हटलं, तीन. "हमाए सोऊ तीन. सो मताई ने हमें सूपा में धर कें घूरे लौ कढ़ोरो, तब बचे. कढ़ोरे नाव है हमाओ." म्हणजे त्याच्याही आधीचे तीन गेले, तेव्हा आईने त्याला सुपात घालून उकिरड्यापर्यंत फरपटत नेलं आणि नावही तेच ठेवलं, फरपटलेला. आम्ही दोघं दगडांवर बसून चहा प्यायलो. या शहरात सत्तर वर्षं काढली, पण माझ्या नावाचा अर्थ नीट कळलेला माणूस मला परवा भेटला, तोही रस्त्यावर.

त्या भरात वरवंटा काखेत मारून घरी आलो आणि जाहीर केलं, की नाव धोंडोच ठेवायचं, नाहीतर मी बारशाला बसणार नाही. माझ्यामागे माझं नाव राहावं एवढी माझी इच्छा आहे आणि तो माझा हक्क आहे, असंही म्हणालो. विद्याधर म्हणाला, हा तुमचा अहंकार आहे, बाबा. विजयालक्ष्मी पोराला उचलून आत गेली. तेव्हापासून मी अबोला धरला आहे. दोन दिवस झाले, कोणाच्या लक्षात आलेलं नाही. तेव्हा तू ये, पण माझ्या बाजूने भांडू नकोस. कियांश तर कियांश. मी गच्चीवर बसून राहीन. मोठ्यांना नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण आपल्याहून मोठं आता उरलं कोण?

तुझा,
धोंडो

ता. क. लिंबाचं गोड लोणचं आण. इथल्याला चव नाही. बसने येऊ नकोस, रेल्वेनेच ये.

ता. क. २. आता खरं काम. तू पोराच्या कानाशी वाकशील तेव्हा आधी धोंडो म्हण. एकदाच, अगदी हळू. मग कियांश म्हण आणि ते मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. तुझा आवाज तुला ऐकू येत नाही, म्हणून आदल्या दिवशी माझ्या कानात म्हणून सराव कर.

ता. क. ३. हे वाचून पत्र फाडून टाक. या नावामागचं कारण मी विद्याधरला कधी सांगितलेलं नाही, विजयालक्ष्मीला तर नाहीच. ती अजून रात्रंदिवस पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते, तिला आणखी हे कशाला? म्हातारा स्वतःच्या नावासाठी हटून बसला आहे, असंच त्यांना वाटू दे, ते बरं आहे. (जानकीला सगळं ठाऊक आहे. विषय तिथेच संपावा म्हणून ती तेवढ्या मोठ्याने हसली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.) माझं नाव नाही राहिलं तरी चालेल, अक्का. तो राहिला पाहिजे.