वाचून फाडून टाक

पालघर
१६ नोव्हेंबर २०२४

चि. दीपिकास,
मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करायचा सोडून मावशी चिठ्ठी लिहिते म्हणून हसशील. तुझी आई फोन स्पीकरवर टाकते आणि सालवडच्या तुमच्या चाळीत शेजारणीचा उसासासुद्धा ऐकू येतो. म्हणून कागदच बरा. वाचून फाडून टाक.

परवा चौदा तारखेला आमची मधुमेह दिनाची फेरी झोकात झाली. ‘लपवू नका, लाजू नका, साखर तपासून घ्या’ ही घोषणा माझीच. नंतर अर्धा तास भाषण केलं. हंसाताईंसारखं समजावणारी आरोग्यसेविका दुसरी नाही, असं डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले.

आता मुद्द्याचं. कुंभवलीहून निमेशच्या घरचा होकार आला! मुलगा कंपनीत कायम, घरचं सगळं नीट. तुझ्यासारख्या फटकळ पोरीला असं स्थळ मिळणं म्हणजे देवच पावला. तेव्हा तुझ्या इंजेक्शनबद्दल एक अक्षर काढायचं नाही. ‘आजारी पोर’ हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही, आणि उद्या दर्पणच्या लग्नातही लोक विचारतील की बहिणीला काय आहे.

आईला नमस्कार. माया आहेच, ती तशीच ठेव.

तुझी,
हंसामावशी


सालवड, बोईसर
२२ डिसेंबर २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं भाषण झोकात झालं हे वाचून बरं वाटलं. ते मला उद्देशून नव्हतं, हे पुढच्याच परिच्छेदात कळलं.

मावशी, बाराव्या वर्षी मला हे झालं तेव्हा चॉकलेटं खाल्ली म्हणून झालं, असं आजी सगळ्या पाहुण्यांना सांगायची. मी ते खरंच मानलं आणि कितीतरी वर्षं वाढदिवसाचा केक कापून नुसती बघत बसले. आता मी कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये माझं इन्सुलिनचं पेन नाव लिहून ठेवलेलं असतं. कोणी बोट लावत नाही, कोणी तोंड वाकडं करत नाही. परक्यांच्या फ्रिजमध्ये मला नाव आहे, आणि घरी आई तेच पेन मेथीच्या जुडीखाली लपवते.

एकच मागते. निमेशला मला सांगू दे. दोनदा भेटलोय आम्ही, माणूस ऐकून घेणारा आहे. नाही म्हणाला तर मी रडेन आणि सोमवारी कामावर जाईन. आई म्हणते, मावशी सांगेल तसं. म्हणून तुला विचारते.

तुझ्या मायेतली,
दीपिका


पालघर
३ जानेवारी २०२५

चि. दीपिकास अनेक आशीर्वाद.

नाही म्हणजे नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नानंतर वर्षभराने हळूच सांग. तोवर त्याला तुझी सवय झालेली असेल.

लग्नाचं सगळं मी ठरवलंय. शनिवारी हळद, रविवारी लग्न. सासरच्या बायका शुक्रवारपासून हॉलवर आपल्याच खोलीत असतील. तिथे सुई बाहेर काढलीस तर अक्षतांच्या आधी गावभर होईल. म्हणून पेन शुक्रवारी रात्रीच माझ्या पर्समध्ये देऊन टाक. हळदीच्या दिवशी पोटात काही जात नाही, रविवारी अक्षता पडेपर्यंत नवरीला उपासच असतो. अन्नच नाही तर साखर वाढणार कुठून आणि इंजेक्शन कशाला? उपाशीपोटी गोळी घेऊ नका, हे मी म्हाताऱ्यांना रोज सांगते. माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली, तेवढा विश्वास ठेव.

ही चिठ्ठीही फाड.

तुझी,
हंसामावशी


सालवड
९ मार्च २०२५

ती. मावशीस नमस्कार.

तू दवाखान्यात आली नाहीस, म्हणून लिहून कळवते. म्हाताऱ्यांच्या गोळ्या वेगळ्या आणि माझं इन्सुलिन वेगळं. माझं शरीर ते मुळीच बनवत नाही. उपास असला तरी ते लागतंच, बंद केलं की रक्तात आम्ल साठतं. लॅबमध्ये मी रोज आम्ल मोजते आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. तुझ्या बावीस वर्षांवर विश्वास ठेवून मी पेन देऊन टाकलं. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

रविवारी मांडवात अक्षतांच्या आधीच मला उलट्या सुरू झाल्या तेव्हा सासरकडच्या एका काकीने आमी वळखतो, पोरीला दिवस हायेत, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आईने मला पदराआड घेतलं. निमेशच्या आईने तुलाच विचारलं, कारण तू आरोग्यसेविका. तू पित्त म्हणालीस. पेन तुझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स तुझ्या काखेत. पुढचे दोन तास मला लिंबूपाणी पाजत होते. शेवटी दर्पणनेच रिक्षात घातलं आणि दवाखान्याच्या दारात आजाराचं नाव घेतलं.

निमेश भेटून गेला. त्याने सांगितलं ते तुलाही कळू दे. त्याचे वडील सात वर्षं इन्सुलिन घेतात. आपण घर बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी ते शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं होतं, आपण स्थळ मोडू म्हणून! मी हसले, मावशी. सलाईन लावलेल्या हाताने तोंड झाकून हसले. वाटलं, आता तरी जमेल. पण तो म्हणाला की बाप्याचं चालून जातं, बाईचं आता चार गावांत झालंय, आई नाय म्हणते. मान खाली घालून गेला.

या नोव्हेंबरच्या तुझ्या कार्यक्रमात मला बोलायला बोलव. दीपिका प्रदीप बिरारी, पूर्ण नाव छाप. एवढं केलंस तर मागचं मी सोडून देईन.

दीपिका


पालघर
३० ऑक्टोबर २०२५

चि. दीपिकास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आठ महिने लागले. रोज लिहायला बसत होते. माझं चुकलं, बाळा. पर्सची चेन उघडायला हात गेला होता, पण सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

कार्यक्रमाची पत्रिका सोबत आहे. तुझं नाव घालणारच होते, पण तुझ्या आईने पाय धरले. दर्पणला स्थळं येताहेत म्हणे. म्हणून ‘एका मधुमेही भगिनीचे मनोगत’ असं छापलंय. तू ये, बोल, फक्त नाव सांगू नकोस. समजून घे.

तुझी,
हंसामावशी


सालवड
५ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस नमस्कार.

पत्रिका मिळाली. चौदाला येते.

मनोगत मी नवीन लिहिणार नाही. तुझं तीन जानेवारीचं पत्र मी फाडलेलं नाही, तेच वाचून दाखवीन. माझं नाव नसलं तरी चालेल. त्याच्या खाली तुझं आहे.

लोभ होता.

दीपिका