बाथरूमबाहेरच्या खुर्चीची विल्हेवाट

मी, श्रीमती शेवंती सीताराम घाडी, वय वर्षे ऐंशी, टेलिफोन खात्यातून निवृत्त, मूळ राहणार लालबाग, हल्ली मुक्काम सायंसमाधान ज्येष्ठ निवास, दुसरा मजला, परळ, हे मृत्युपत्र माझ्या हस्ताक्षरात, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. मी त्यांना विचारलं की भिंतीवरचं हे बेलचं बटण दाबलं तर कुठे वाजतं, ते त्यांना सांगता आलं नाही. तरी दाखला मलाच घ्यावा लागला.

हे लिखाण कोणाच्याही दडपणाखाली केलेलं नाही. पुतण्या विनीत याचे या आठवड्यात जरा जास्तच फोन आले. पण मी जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होते, मला फोनचं दडपण येत नाही.

आमच्या चाळीतली प्रिती आता वकील झाली आहे. तिने बजावलं आहे की खाडाखोड करायची नाही. तेव्हा जे लिहिलं जाईल ते राहील. आणखी एक खुलासा करते. मी हे बाथरूमच्या बंद दाराबाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून लिहीत आहे. आत माझ्या खोलीतल्या सोबतीण, घोडपदेवच्या कमलाबाई तांबे, अंघोळ करत आहेत. त्या आत असेपर्यंत मी बाहेरून बोलत राहते आणि त्या आतून उत्तर देतात. उत्तर आलं नाही तर त्या पडल्या असं समजायचं. बेल वाजत नसल्यामुळे ही पद्धत आम्हीच बसवली आहे. त्यामुळे मी प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत लिहीत आहे, आणि मधेमधे कमलाबाई बोलतील. त्याला माझा इलाज नाही.

कलम १. घर. लालबागच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला. त्यात चौदाव्या मजल्यावर मला मिळालेली सदनिका माझ्या पश्चात विनीत याला द्यावी. मला मूलबाळ नाही, आणि तो माझ्या मांडीवर वाढला. मुलगा वाईट नाही. "काकी, टाइल्सचं काम होईपर्यंत फक्त पंधरा दिवस," असं म्हणून त्याने मला इथे आणून सोडलं, त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या वेळात अख्ख्या दादर स्टेशनला टाइल्स लावून झाल्या असत्या. म्हणून अट अशी की ताबा घेण्याआधी विनीतने या निवासात आठ दिवस राहावं, आणि रोज सकाळी याच बाथरूमच्या ओल्या लादीवर, तोंडाला साबण लावून, डोळे मिटून, चाचपडत तांब्या शोधावा. आठव्या दिवशी तो उभा असेल तर घर त्याचं.

"आणि पडला तर?" कमलाबाईंनी आतून विचारलं.

"तर बरा होईपर्यंत इथेच राहील."

"मग काय, जन्मभर राहील," असं त्या म्हणाल्या.

कलम २. सोन्याच्या पाटल्या. या विनीतची बायको श्रेया हिला द्याव्यात. ती फोनवर "बोला ना काकी" म्हणते आणि लगेच मिक्सर चालू करते. पण मागे एकदा तिने माझ्यासाठी पेडव्यांचं, माझ्या आवडत्या मासळीचं, तिखलं करून पाठवलं होतं. ते इथल्या व्यवस्थापकाने, अवधूतने, "इन्फेक्शनचा धोका आहे, आज्जी" म्हणून अडवलं. ते मला मिळालं नाही आणि श्रेयाकडे परतही गेलं नाही. दुपारभर ऑफिसातून वास येत होता. तिखलं चांगलं झालं असणार, म्हणून पाटल्या तिला.

कलम ३. मुदत ठेव. ही सर्वच्या सर्व रक्कम या निवासाच्या बाथरूमांवर खर्च व्हावी. हे वाचून विनीत कपाळाला हात लावील, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

गणपती झाल्यावर इथे बाहेरून तपासणीची मंडळी येणार होती. अवधूत सगळ्यांना "आज्जी" म्हणतो आणि सगळ्या तक्रारींना "प्रोसेस चालू आहे" म्हणतो. त्याने आदल्या दिवशी बाथरूमच्या भिंतींवर स्टीलचे चकचकीत दांडे लावले, धरून उठायला. आम्हाला आनंद झाला. तपासणीच्या सकाळी मला एकटीला निवासाच्या गाडीतून प्रभादेवीला दर्शनाला पाठवलं. तक्रारखोर म्हणून माझी ख्याती आहे, तेव्हा मला कळायला हवं होतं. पण गाडीत एसी लावला होता.

मागे काय झालं ते मला कमलाबाईंकडून कळलं. मंडळी येऊन खुर्च्यांवर बसली, आणि आमच्या बायकांनी सरळ मुलगी बघायचा कार्यक्रम करून टाकला. जन्मभराची सवय, दुसरं काय. कांदेपोहे झाले, वर ओलं खोबरं पडलं. ज्यांच्या ताटात रोज भाजीचं पाणी येतं त्यांनी "खाण्यापिण्याचे लाड आहेत हो" असं सांगितलं. तपासणीच्या बाईंनी विचारलं, "आजी, बेल दाबली तर कोणी येतं का?" त्यावर कमलाबाई पदर सावरून म्हणाल्या, "दाबायची वेळच येत नाय." घरातलं व्यंग पाहुण्यांना सांगितलं तर स्थळ मोडतं. तर स्थळ जमलं. सायंसमाधानला उत्तम दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं आणि ते फ्रेम करून दारात लावलं गेलं.

"मग काय पाव्हण्यांच्या तोंडावर सांगायचं होतं?" हे आतून आलं.

"खरं सांगायचं होतं."

"मोठ्या आल्या! तुम्ही तर गाडीतून देवाला गेला होता."

एसीचं मी वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून उठताना कमलाबाईंनी नवा दांडा धरला. दांडा हातात आला. तो दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने टाइल्सवर नुसता चिकटवला होता. कमलाबाई दांड्यासकट खाली आल्या, मनगट मोडलं, आणि कोणी येईपर्यंत बराच वेळ त्या ओल्या लादीवर तशाच पडून होत्या. दाराबाहेरची ही खुर्ची त्यानंतरची. मी जाब विचारायला गेले तेव्हा अवधूत म्हणाला, "आज्जी, दांडा आधारासाठी होता, वजनासाठी नव्हता." हे वाक्य माझ्याबरोबर वर जाऊ नये म्हणून इथे लिहून ठेवते.

तरी माझ्या मृत्यूनंतर या पैशांतून प्रत्येक बाथरूममध्ये, भिंतीला भोकं पाडून, आत स्क्रू घालून खरे दांडे बसवावेत आणि बेलच्या तारा जोडाव्यात. काम पुरं झाल्यावर अवधूतने सर्वांसमोर प्रत्येक दांड्याला लोंबकळून दाखवावं. अंमलबजावणी प्रितीने करावी. ती लहानपणी चाळीत कोणाला ऐकत नसे, हा गुण आता कामाला येईल.

कलम ४. किरकोळ चीजवस्तू. माझा रेडिओ कमलाबाईंना द्यावा. त्यांना बातम्या आवडत नाहीत, तरी ऐकाव्यात. माझ्या साड्या ज्यांना नेसवतील त्यांनी घ्याव्यात. राहता राहिली ही खुर्ची.

खुर्ची निवासाची आहे, पण तिच्यावर बसायचं काम माझं आहे, आणि ते कोणाला तरी लावून दिल्याशिवाय मला मरता येणार नाही. विनीतला दिली तर तो मोबाइल बघत बसेल. अवधूतला दिली तर प्रोसेस चालू राहील. कमलाबाईंचा मुलगा धम्मपाल जीव लावणारा आहे, पण नोकरीसाठी सुरतेला असतो. समोरच्या खोलीतल्या कालिंदीबाई कधीही तयार होतील, पण त्यांना ऐकू कमी येतं. आतून उत्तर आलं की नाही हे त्यांना कळणार कसं? मला खरोखर सुचत नाही. कमलाबाई, तुम्हीच सांगा, माझ्यामागे इथे कोणाला बसवू?

कमलाबाई?

कमलाबाई, लाइन चालू आहे ना?

अहो कमलाबाई

कमळे बोल गं

(थोड्या वेळाने पुढे लिहिते. अक्षर हललं आहे, पण माझंच आहे.)

मी आधी वेड्यासारखं बेलचं बटण दाबलं. मग ओरडले. ड्यूटीवरची मुलगी गच्चीवर चादरी वाळत घालत होती. सगळ्या मजल्याला ती एकटीच, तिला तरी काय बोलणार. अवधूतने केबिनच्या काचेआडून मीटिंग चालू असल्याची खूण केली. धावत आला तो स्वयंपाकघरात गॅस पोचवायला आलेला विकास. त्याच्या खांद्यावर सिलिंडर तसाच होता. त्याने दाराला लाथ घातली, कडी तुटली. आत कमलाबाई टॉवेल गुंडाळून स्टुलावर धडधाकट बसल्या होत्या. त्या किंचाळल्या. विकास सिलिंडरसकट भिंतीकडे वळून म्हणाला, "आजी, आईशप्पथ, मी काय बघितलं नाय!"

मी नाही नाही ते बोलले. "तोंडाला काय झालं होतं तुमच्या? उत्तर का नाही दिलंत?"

"काय नाय ओ घाडीबाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर इथे कसं वाटेल, ते जरा बघत होते."

"मग? कसं वाटलं?"

"पाणी गार झालं, तरी उठवेना."

मला रडू आलं. मृत्युपत्रात असं लिहितात की नाही ते प्रितीला विचारलेलं नाही.

कलम ५. वरील कलम ३ मी पूर्ण शुद्धीत रद्द करते. मी मेल्यावर दांडे बसवून काय करायचं? कमलाबाई उद्या सकाळी अंघोळ करणार आहेत. मुदत ठेव आजच मोडते. प्रितीला आत्ताच फोन लावला, ती दुपारी मला बँकेत नेणार आहे आणि संध्याकाळी मिस्त्री माप घ्यायला येईल. अवधूतने हरकत घेतली तर तपासणीच्या बाईंना मी स्वतः फोन लावीन. कुठलाही नंबर शोधून काढणं हीच माझी नोकरी होती. विनीतने ठेवीवर हक्क सांगू नये, कारण ती उरणार नाही. बाथरूमची तुटलेली कडी पुन्हा बसवायची नाही.

कलम ४ मधली खुर्ची मी कोणालाही दिलेली नाही. मी तिच्यावर बसले आहे.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं प्रितीचं सांगणं आहे. तेव्हा कमलाबाई बाद, आणि घरचे सगळेच बाद. आज माझ्या हाकेला जे आले तेच साक्षीदार घेतले आहेत. त्यांच्यादेखत मी सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

ठिकाण : बाथरूमच्या दाराबाहेर, सायंसमाधान ज्येष्ठ निवास, परळ, मुंबई
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४

सही : शेवंती सीताराम घाडी

साक्षीदार :

१. विकास गुरव, गॅस सिलिंडर पोचवणारे. हाक ऐकून धावत आले.

२. श्रीमती कालिंदी पाटकर, समोरची खोली. कमी ऐकू येत असूनही हाक ऐकली आणि वॉकर घेऊन निघाल्या. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पण निघाल्या होत्या.