बादशाच्या गोचिडी

प्रिय विपुल,

सोमवारी तुला दवाखान्यातून घरी सोडणार म्हणून आई सकाळपासून अंगण घासतेय. मी गोठ्यात बसून लिहितोय. तोंडावर बोलायची हिंमत नाही. माझी सगळी मर्दुमकी हातात, हे तू लहानपणापासून सोसलंयस.

छकड्यांच्या शर्यतीच्या पंधरा दिवस आधी बादशाच्या गोचिडी काढायला तुला मीच बसवलं. औषध फवारलं की बैल सुस्तावतो, हे माझंच दीडशहाणपण. तू त्याच्या कानामागून एकेक ओढून नखाखाली फोडत होतास. बोटं रक्तानं माखली, आणि मी हसत होतो.

शर्यतीच्या सकाळी तू म्हणालास, “दादूस, अंगान ताप हाय. आज नको.” मला वाटलं, टरकलास. ऐन धावेत तुझ्या हातून कासरा सुटला, छकडा उलटला. अख्ख्या तळवली गावासमोर नाक कापलं म्हणून मी धावत आलो आणि धुरळ्याआड, लोक पोचायच्या आत, तुझ्याच काठीनं तुला झोडपलं. तू मातीत तडफडत होतास, तरी छातीत लाथ घातली. ओठ निळे पडलेले दिसले तेव्हा कुठे पाय थांबला.

दवाखान्यात तुझी नाडी मधेच पळायची, मधेच बुडायची. बावीस वर्षांच्या पोराच्या हृदयाला सूज कशानं, कुणाला कळेना. शुद्धीवर आल्यावर तू आईला एवढंच सांगितलंस की छकड्यावरून पडलो. का रे वाचवलंस मला?

तिसऱ्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन गोठ्यात शिरलो. बादशाला तोडणारच होतो. घाव घालायला हात उगारला आणि त्याच्या कानामागे त्या टपोऱ्या गोचिडी दिसल्या. कुऱ्हाड खांबात घातली आणि डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी तुझ्या तळहातावरचे लाल ठिपके पुन्हा पाहिले, गोचिडीचा ताप ओळखला, औषध बदललं. तेव्हापासून आई सगळ्यांना सांगते, माझ्या कल्पेशला आठवलं म्हणून विपुल जगला.

विपुल, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, हा गुराढोरांत वावरतो का? मी नाही म्हणालो. बैल सांगितला असता तर शर्यतीचा विषय निघाला असता, शर्यतीतून माझी लाथ. तुझ्या हृदयाचे दोन दिवस मी खाल्ले. आज ते अर्ध्या जोरानं चालतंय. हे पत्र तुला पोचवायला आपल्या ताईकडे देऊन मी सगळं सांगायला आईसमोर उभा राहणार आहे. तुझी काठी तुझ्या खाटेखाली ठेवलीय. डॉक्टरांनी सहा महिने जोर लावायला मनाई केलीय, तोवर मी माझ्या वाटणीच्या माराची वाट बघेन.

तुझाच दादूस,
कल्पेश