पाळणा म्हापशाहून परत आला

पेडणे, ११ ऑगस्ट १९८७

श्री. व्याहीबुवा शिवदासराव यांस, मु. कारापूर,

कृष्णनाथाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात जोडण्याचं कारण पुढे कळेलच.) तुमच्या गुडघ्याची कळ कशी आहे? विहीणबाईंनी पाठवलेले डिंकाचे लाडू पोचले. ते बाळंतिणीसाठी होते हे मला डबा अर्धा झाल्यावर सांगण्यात आलं. तरीही चि. तेजस्विनीची प्रकृती उत्तम आहे, आणि तुमची-आमची नात चि. गौरवी तर रोज कालच्यापेक्षा जड लागते.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच आठवड्यात ही जन्मली, त्यामुळे मी पेढे वाटत होतो ते कशाचे, यावर गावात काही दिवस मतभेद होते. मराठी-कोकणीच्या भांडणापासून दोन वर्षं माझ्याशी अबोला धरलेला शेजारचा सगुण बारशाला आला, पाळण्यात डोकावला आणि पहिल्यांदा बोलला. काय बोलला, तर "नाक तुजेवरी ना, देव पावलो." माझ्या नाकाचा असा उद्धार ऐकून मला राग यायला हवा होता, पण मी त्याला आणखी दोन पेढे दिले. आजोबा झाल्यापासून माझा राग कुठे गेला आहे कोण जाणे. शेवंती म्हणते, सगळा तिच्या वाट्याला येतो. (शेवंतीचं फारसं मनावर घेऊ नये.)

आता मुद्द्याचं. तुमच्या घराची रीत तुम्ही पत्रात दोनदा अधोरेखित करून कळवलीत, की आधी पाळणा घरात यावा, तुळईला टांगावा, आणि मगच बाळाने उंबरा ओलांडावा. रीत मला मान्य आहे. पाळणा तुमच्या आजोबांच्या वेळचा, त्यात तुम्ही झोपलात, जावईबापू प्रज्योत झोपले, आणि बारशाला तो तुम्ही आमच्याकडे धाडलात हा तुमचा मोठेपणा. रविवारी मी तो कारापुरात पोचवायचा आणि येत्या सोमवारी टॅक्सीने मायलेकींना पाठवायचं, म्हणजे चवथीला नात आपल्या घरच्या गणपतीपुढे, असं ठरलं होतं. रविवारी तुम्ही दिवसभर दारात वाट पाहिली असेल. त्याबद्दलच हे पत्र आहे.

मी निघालो होतो, व्याहीबुवा. आंघोळ करून, देवाला गाऱ्हाणं घालून, पहिल्या बसच्या वेळेला निघालो होतो. पण शेवंतीने उंबऱ्यावरच अडवलं. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामा घराबाहेर तर काढूच नये. मग बारशाला वापरलेला वरवंटा पुन्हा धुऊन आणला, त्याला गौरवीचं टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. बसच्या टपावर पाळणा टाकायला माझं मन होईना, म्हणून आत मांडीवर घेऊन बसलो. शेजारी अबोलीच्या माळा विकायला म्हापशाला जाणारी लक्ष्मी. रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे. खड्डा आला की मी आपला दुपट्यावर हात ठेवायचो. (सवय, दुसरं काय. अडीच महिने तोच उद्योग चालू आहे.) एकदा तर तोंडून "नाय नाय, उगी" असंही गेलं. ते लक्ष्मीने ऐकलं आणि तिला माझी दया आली. "आजो, भुरग्याक म्हज्या मांडयेर दी," असं म्हणून मी नको नको म्हणेपर्यंत तिने दुपट्यात हात घालून बाळ उचललंसुद्धा. उचललं, आणि एवढं जड कसं म्हणून टोपडं वर केलं.

"हें भुरगें न्हय गो, हो फातर!"

पुढचं काय सांगू? बस थांबली. ड्रायव्हर मागे आला. एका म्हाताऱ्याने देवाचं नाव घेतलं. एका बाईने विचारलं की घरच्यांना ठाऊक आहे का, म्हणजे मला एकट्याला सोडलं कसं. रीत समजावून सांगता सांगता मला घाम फुटला, आणि त्या धावपळीत पाळण्याच्या कोपऱ्यातला लाकडी पोपट निखळला. तुमच्या आजोबांच्या वेळचा पोपट! मोडका पाळणा घेऊन व्याह्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ? म्हणून म्हापशाहून परत फिरलो. सुतार महादेवकडे चवथीच्या मखरांचं काम तुंबलं आहे, तो पोपटाला आठ-दहा दिवस सहज लावील. आणि पाळण्याआधी बाळाने यायचं नाही ही रीत तुमचीच, तेव्हा सोमवारचा बेत आपोआपच पुढे गेला. मी तरी काय करणार?

विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही राहावा.

आपला,
कृष्णनाथ

ता. क. : एक विचारायचं राहिलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत आमच्या घरची. दोन वर्षांत तीनदा तुमच्याकडे आलो आणि तिन्ही वेळा साखळीच्या बसस्टँडवर पाणी पिऊन मग तुमच्या पायऱ्या चढलो. विहीणबाई दरवेळी वाटी पुढे करायच्या आणि मी पोट भरल्याचं खोटं सांगायचो. आता गौरवीने ती अडचण दूर केली आहे. आमचा गणपती दीड दिवसाचा, तुमचा पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने आलो आणि विसर्जनापर्यंत राहिलो, तर चालेल का? मी फार जेवत नाही.

ता. क. दुसरा : व्याहीबुवांना शेवंतीचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पोपट जागच्या जागी आहे. महादेव सुतार काल येऊन गेला तो बाळाला बघायला. लक्ष्मीनेच मला सगळं सांगितलं. बसमध्ये कोणी ह्यांना हसलं नाही, रीत कळल्यावर उलट तिने वरवंट्याला अबोलीचा वळेसर घातला. म्हापशाला तुमच्याकडे येणारी डिचोलीची बस समोर उभी होती. हे पाळणा घेऊन बाकावर बसले, एक चहा घेतला, पाव तसाच ठेवला, आणि आले त्याच बसने परत फिरले. घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी पाळणा कडीला टांगला आणि गौरवीला आत घातलं. सकाळपासून त्या रिकाम्या कडीकडे मलाही बघवत नव्हतं.

तरी रीत ती रीत. सोमवारी मायलेकी येतील. पाळणा मात्र ह्यांच्या हाती देत नाही, तुम्ही स्वतः शनिवारी येऊन न्यावा. आणि चवथीला ह्यांना जेवायला बोलवा, पण पत्र पाठवून बोलवा, म्हणजे ते मला वाचून दाखवतील.

कडी तेवढी आम्ही काढत नाही. मे महिन्यात तेजस्विनी माहेरपणाला येईल, तेव्हा लागेल.